सुई टोचताना बाळाशी बोलायचं का, गायचं का? सारखे येणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात नवजात बाळांच्या कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, सिस्टर आहे. डिस्चार्जच्या वेळी आया, वडील, आज्या नंबर घेऊन जातात आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात, चोपडा-यावलहून, धुळ्याहून, अक्कलकुवा-धडगावच्या आशाताईंकडून पण. टाचेतून रक्त घेताना, सलाईनची सुई लावताना, लस देताना बाळाला आवाजाने कसं शांत ठेवायचं याबद्दलचे प्रश्न इथे एकत्र केलेत. औषध, डोस, तपासणी याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, मी सांगतेय ते त्याच्या जोडीला करायचं काम आहे.

१. एवढ्याशा बाळाला खरंच दुखतं का? घरचे म्हणतात त्याला काय कळतंय, दोन मिनिटांत विसरतं.

दुखतं. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाला तर जास्तच, कारण वेदना मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या नसा तयार असतात पण ती वेदना वरून दाबून धरणारी यंत्रणा अजून कच्ची असते. "त्याला काय कळतंय" असं फक्त आपल्या आज्याच म्हणायच्या असं नाही, १९८० च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतल्या डॉक्टरांनाही तसंच वाटायचं आणि नवजात बाळांची ऑपरेशनंसुद्धा पुरेशी भूल न देता केली जायची. हे बदलण्यात डॉ. कंवलजीत आनंद यांचा मोठा वाटा आहे, आपल्या सातपुड्यापलीकडच्या इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले, पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि १९८७ मध्ये त्यांनी आणि पॉल हिकी यांनी नवजात बाळाला वेदना होते याचे पुरावे एका लेखात मांडले, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. तेव्हापासून जगभरात विचार बदलत गेला.

आणि विसरण्याचं म्हणाल तर बाळाला प्रसंग आठवत नसेल पण शरीर लक्षात ठेवतं. पहिल्या दिवसांत वारंवार टाच टोचलेली बाळं पुढे नुसता स्पिरिटचा बोळा फिरवला तरी तोंड वाकडं करायला लागतात, हे अभ्यासात पण दिसलंय आणि आम्ही वॉर्डात पण बघतो.

२. नुसत्या आवाजाने दुखणं कसं काय कमी होईल? सुई तर तीच आहे ना?

सुई तीच आहे, बरोबर. पण वेदना म्हणजे फक्त टोचणं नाही, त्या वेळी बाळ किती घाबरलंय, एकटं आहे की कुणी जवळ आहे, यावरही ती कमी-जास्त होते.

आम्ही बाळाचं दुखणं कसं मोजतो ते सांगते म्हणजे कळेल. कपाळाला भुवयांच्या मध्ये फुगवटा येतो का, डोळे घट्ट मिटले का, नाकाच्या कडेपासून ओठापर्यंत घडी पडली का, ठोके किती वाढले, ऑक्सिजन किती घसरला, हे सगळं बघून आकडा काढतात. इटलीत आओस्ताच्या हॉस्पिटलमध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी कमी दिवसांच्या २० बाळांवर हे तपासलं, २०२१ मध्ये छापून आलं. टाचेतून रक्त घेताना एकदा आई नव्हती, एकदा आई बोलत होती, एकदा गात होती. आई बोलत असताना वेदनेचा आकडा ४.५ वरून ३ वर आला आणि बाळाच्या लाळेतलं ऑक्सिटोसिन वाढलं, हेच ते हार्मोन जे आईच्या अंगात दूध उतरताना सुटतं. २० बाळं म्हणजे अभ्यास लहान आहे हे मी मुद्दाम सांगते. पण यात खर्च काही नाही, धोका जवळपास नाही आणि कुठल्याही आईला जमतं, म्हणून मी प्रत्येकीला सांगते.

३. आईचाच आवाज का? बाळाला ओळखू येतो?

येतो. साधारण सातव्या महिन्यापासून बाळ पोटात ऐकायला लागतं. बाहेरचे आवाज पोटातून जाताना दबके होतात पण आईचा आवाज तिच्या हाडांतून, अंगातून थेट आत जातो, त्यामुळे जन्माआधीच सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज तोच असतो. १९८० मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी नुकत्या जन्मलेल्या बाळांना विशिष्ट पद्धतीने चोखलं की आपल्या आईचा आवाज ऐकू येईल अशी सोय केली, तर बाळं दुसऱ्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज लागावा म्हणून तसंच चोखायला लागली.

वडील, आजी यांचं प्रश्न ११ मध्ये सांगितलंय.

४. मला गाता येत नाही आणि एवढ्या सिस्टर लोकांसमोर बोलायला लाज वाटते. काय बोलू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाणं यावं लागत नाही. प्रश्न २ मधल्या अभ्यासात साध्या बोलण्याचाच फायदा जास्त दिसला. बोलणं कसं पाहिजे तर हळू, जरा लांबवलेलं, सूर हळूच खाली-वर होणारं, जसं आपण लहान बाळाशी आपोआप बोलतो तसं. शब्द काय आहेत याला महत्त्व नाही.

पारोळ्याकडची एक आई होती, पहिलटकरीण, सिझरचे टाके ओले, पदर सावरत वॉर्मरजवळ उभी होती आणि तोंडातून शब्द निघेना. मी म्हटलं, ताई, घरी कोण कोण आहे ते सांगा त्याला. तर तिने अहिराणीत सुरुवात केली, "आपले घर दोन बैल शेतस, एक गाय शे, तुनी आजलमाय वाट देखी ऱ्हायनी..." आणि मग थांबलीच नाही, कपाशी कुठे लावलीय, विहिरीला पाणी किती आहे, मामाने झोळीसाठी दोरी आणलीय, सगळं. मी त्या वेळात बाळाची टाच हातात धरून गरम करत होते. बाळाची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट होती ती हळूहळू सैल पडली, पाचही बोटं उघडली. टोचलं तेव्हा रडलं, रडणारच, पण तिचा आवाज चालूच राहिला आणि पट्टी लावायच्या आत रडणं हुंदक्यावर आलं होतं.

तेव्हा काहीही बोला. घरातल्यांची नावं घ्या, सकाळपासून काय काय केलं ते सांगा, जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या म्हणा, कानबाईची गाणी येत असतील तर ती हळू आवाजात म्हणा. देवाचं नाव, अजान, भजन, जे रोज तोंडात आहे ते. पोटात असताना बाळाने जे ऐकलं तेच उत्तम. आणि लाज वाटत असेल तर बाळाच्या कानाजवळ झुका, वीतभर अंतरावर, तिथे बोललेलं आमच्यापर्यंत येत पण नाही.

५. कधी सुरू करायचं? सुई टोचली की लगेच?

आधी. कमीत कमी पाच मिनिटं आधी बोलायला लागा, टोचताना चालू ठेवा आणि झाल्यावर बाळ पूर्ण शांत होईपर्यंत थांबू नका. बऱ्याच आया काय करतात, सगळं झाल्यावर बाळ किंचाळायला लागलं की "अले अले" करत धावतात, तेव्हा बाळ आवाज ऐकायच्या पलीकडे गेलेलं असतं. सुई टोचताना श्वास रोखून गप्प होतात ते पण नको, नेमक्या त्याच क्षणी आवाज तुटला तर काय उपयोग. सिस्टरला आधीच विचारून ठेवा की ताई किती वाजता रक्त घेणार, मला पाच मिनिटं आधी सांगा.

अजून एक, बोलणं म्हणजे दर वेळी सुईची सूचना होऊ देऊ नका. दूध पाजताना, लंगोट बदलताना पण तसंच बोला.

६. आवाज किती मोठा पाहिजे?

शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये एवढा. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच सांगितलंय की नवजात कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि आपलं साधं गप्पा मारणं ६० च्या आसपास जातं. म्हणजे कक्षात आधीच मॉनिटरचे बीप, पंप, आमची धावपळ चालू असताना त्याच्यावर चढून ओरडायचं नाही, उलट बाकीचे आवाज कमी करायचे. काचेच्या पेटीचं, म्हणजे इनक्युबेटरचं दार धाडकन लावणं, पेटीच्या वर फाइल किंवा वाटी-चमचा आपटणं, हे बाहेरून आपल्याला काही वाटत नाही पण आत चांगलंच घुमतं. पेटीवर टिचक्या मारून बाळाला बोलावू नका, पाहुण्यांना पण सांगा.

७. मोबाईलवर अंगाई लावली तर चालेल का?

तुम्ही हजर असाल तर तुम्हीच बोला. हजर नसाल तर मोबाईल चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका हॉस्पिटलात सुमारे १०० नवजात बाळांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये आला, त्यात निम्म्या बाळांना टाच टोचण्याच्या २० मिनिटं आधीपासून रेकॉर्ड केलेली शांत वाद्यांची अंगाई ऐकवली होती आणि त्या बाळांचा वेदनेचा आकडा टोचताना आणि नंतरही कमी निघाला. लक्षात घ्या, दोन्ही गटांना साखरेचं द्रावण दिलेलं होतं, म्हणजे संगीत त्याच्या जोडीला होतं.

पण मोबाईलच्या भानगडी मी रोज बघते. युट्यूबवर अंगाई चालू असते आणि मधेच जाहिरात किंचाळते, बाळ दचकतं, सगळी मेहनत वाया. म्हणून गाणं आधी डाउनलोड करा किंवा त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, आवाज प्रश्न ६ मध्ये सांगितला तेवढाच, आणि फोन पेटीच्या आत किंवा बाळाच्या कानाशी कधीच नाही. फोनवर जंतू असतात, शिवाय उशीजवळ ठेवलेला छोटा स्पीकर पण एवढ्याशा कानाला फार मोठा होतो. इअरफोन तर विषयच नाही. डीजेची, लग्नातली, ढोलाची गाणी "आमच्या बाळाला आवडतात" असं म्हणून लावू नका, बाळ गप्प झालं तर ते आवडल्यामुळे झालं असं नसतं (प्रश्न १४ बघा).

८. पंख्याचा, मिक्सरचा, पावसाचा आवाज लावला की आमचं बाळ गप्प होतं. लस देताना तो लावू का?

एकसारखा घरघर आवाज पोटातल्या आवाजाशी जवळचा असतो म्हणून बाळं त्याने शांत होतात, काही अभ्यासांत टोचताना पण उपयोग दिसलाय. पण खरा मिक्सर चालू करू नका, तो फारच मोठा पडतो. त्यासाठी मिळणाऱ्या मशीनबद्दल पण सावध राहा, २०१४ मध्ये बाळांना झोपवणाऱ्या १४ मशीन तपासल्या तर जवळजवळ सगळ्याच पूर्ण आवाजावर दोन मीटर अंतरावरूनसुद्धा ५० डेसिबलच्या वर गेल्या. म्हणून लावायचंच तर लांब ठेवा, निदान दोन मीटर, आवाज कमी, आणि काम झालं की बंद. रात्रभर नको.

तोंडाने हळू "शुऽऽ शुऽऽ" करणं सगळ्यात सोपं, त्याला चार्जिंग लागत नाही आणि तुम्ही जवळ असता.

९. खुळखुळा, घुंगरू, टाळ्या, चुटक्या वाजवल्या तर लक्ष दुसरीकडे जातं ना?

सहा महिन्यांच्या पोराचं जातं. नवजात बाळाचं नाही, ते दचकतं, दोन्ही हात फाकवून मग छातीशी ओढतं आणि आधीच दुखत असताना त्यात भर पडते. महिन्या-दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला अचानक होणारे, टोकदार आवाज नको. थाळी वाजवणं तर अजिबातच नको.

१०. नुसतं बोलणं पुरेसं आहे का? साखरेचं पाणी देतात म्हणे.

पुरेसं नाही, आणि हे मला फार स्पष्ट सांगायचंय. आवाज हा मदतनीस आहे. सुईच्या वेळी बाळासाठी सगळ्यात चांगल्या गोष्टी म्हणजे आईचं दूध आणि आईच्या अंगाचा स्पर्श, त्याच्यावर आवाज जोडला की तिन्ही एकत्र होतात. टोचायच्या आधी बाळाला नीट छातीशी लावा, ते व्यवस्थित ओढायला लागलं की मग टोचायचं आणि पाजणं चालूच ठेवायचं. ठसका लागेल ही भीती सगळ्यांना वाटते, पण बाळ नीट पकडून पीत असेल तर तसं होत नाही. पाजता येत नसेल तर बाळाला फक्त लंगोट-टोपीवर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कांगारू पद्धत, १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात पेट्या कमी पडत होत्या तिथून ही सुरू झाली. तशा अवस्थेत तुम्ही बोललात तर बाळ आवाज कानाने ऐकतं आणि छातीच्या थरथरीतून अंगालाही जाणवतं.

साखरेचं द्रावण म्हणजे हॉस्पिटलात मोजून बनवलेलं, बहुतेक २४ टक्क्यांचं, त्याचे थेंब टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर देतात आणि त्याने दुखणं कमी होतं याचे पुरावे भरपूर आहेत. पण ते डॉक्टर देतात, त्या प्रसंगापुरतंच. घरी साखरपाणी, गूळपाणी, गुटी काहीच द्यायचं नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोटुलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो.

११. आई दुसऱ्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट आहे, बाळाजवळ मी, वडील आहे. माझ्या आवाजाचा उपयोग होईल का?

होईल दादा, नक्की होईल. खान्देशात हे नेहमीचं आहे, आई तालुक्याला आणि बाळ रेफर होऊन जिल्ह्याला. बाळाला आईचा आवाज जास्त ओळखीचा असतो हे खरं, पण पोटात असताना घरातल्या तुमच्याही आवाजाचा दबका नाद त्याने ऐकलाय. पुरुषांचा जाडा आवाज हळू काढला तर फार छान बसतो. शर्टाची बटणं उघडून छातीवर घ्या, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर, आणि बोला. सोबत आईकडून आवाज रेकॉर्ड करून मागवा, बाकीची काळजी प्रश्न ७ प्रमाणे. आजी, मावशी, आत्या पण चालतील. एका वेळी एकानेच बोलायचं, तिघं-चौघं मिळून "ओ ओ ओ" करायला लागले की तो गोंगाट होतो.

१२. घरात सासूबाई अहिराणी बोलतात, मी माहेरची मराठी. आमच्या आशाताई विचारतात पावरी, भिलोरी बोलणाऱ्या आयांनी काय करायचं?

जी भाषा आई पोटुशी असताना दिवसभर बोलत होती तीच. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं की चार दिवसांची बाळं आपल्या घरच्या भाषेचा ठेका परक्या भाषेपासून वेगळा ओळखतात. तेव्हा हॉस्पिटलात आलं म्हणून शुद्ध मराठीत बोलायला जाऊ नका. आम्हाला कळावं म्हणून तुम्ही बोलत नाही आहात, बाळाला कळावं म्हणून बोलताय. "नको रडू मना राजा, मी आठेच शे" (मी इथेच आहे) यात काहीच कमी नाही.

१३. बाळ ३० आठवड्यांचं आहे, पेटीत आहे. बोलल्यावर उलट ठोके वाढतात, मग?

मग थांबा. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला एका वेळी एकच गोष्ट झेपते. बोलणं, थोपटणं, तोंडाकडे बघणं, वर लाइट, सगळं एकदम केलं तर ते थकतं. खुणा बघा: रंग बदलणं, उचकी, जांभई, हाताची बोटं ताठ पसरणं, मान फिरवणं, ऑक्सिजन खाली येणं. असं दिसलं तर बोलणं बंद करा, फक्त एक हात डोक्यावर आणि एक पायाच्या तळव्यांना असा न हलवता ठेवा, थोडं सावरलं की अगदी कुजबुजीत परत सुरू करा. मोठी गाणी म्हणण्यापेक्षा दोन-चार शब्द परत परत बरे.

अमेरिकेत ११ हॉस्पिटलांत २७२ कमी दिवसांच्या बाळांसाठी प्रत्यक्ष समोर बसून संगीत दिलं गेलं होतं, २०१३ मध्ये त्याचे निकाल आले, ठोके मंदावणं, चोखणं सुधारणं असे फायदे दिसले. पण तिथे शिकलेला माणूस बाळाचा श्वास बघून आपला ताल त्याप्रमाणे हळू करत होता. आपणही तेच करायचं, बाळाकडे बघून बोलायचं, भिंतीकडे बघून नाही.

व्हेंटिलेटरवरच्या बाळाशी पण बोलता येतं. रडण्याचा आवाज येत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका.

१४. बाळ रडलंच नाही, म्हणजे दुखलं नाही ना?

नेहमी तसं नसतं. फार आजारी किंवा फार कमी दिवसांच्या बाळात रडायची पण ताकद नसते, ते ढिलं पडतं, डोळे मिटून घेतं, आणि आपल्याला वाटतं किती शहाणं बाळ. चेहरा बघा, प्रश्न २ मधल्या खुणा तिथे असतात. शांत झालेल्या बाळाचं कपाळ मोकळं असतं, हात तोंडाकडे जातो, श्वास एकसारखा चालतो. गप्प बसलेल्या बाळाच्या मुठी आवळलेल्या आणि श्वास अडखळत असेल तर आवाज आणि जवळीक चालू ठेवा, सिस्टरला सांगा.

१५. डोळ्यांची तपासणी सांगितलीय, ती बघवत नाही म्हणे. तेव्हा काय करू?

आरओपीची तपासणी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आत वजन असलेल्या बाळांची करतात, जन्मानंतर साधारण महिन्याच्या आत पहिली, आणि २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमच्या आतल्या बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. चुकवू नका, या आजारात वेळ गेली तर नजर जाते. डोळ्यात भुलीचे थेंब घालतात तरी बाळाला फार त्रास होतो कारण पापण्या उघड्या धरतात आणि लख्ख उजेड असतो. बाळाला कापडात गुंडाळून घ्या, डॉक्टर म्हणाले तर साखरेचे थेंब, आणि तुम्ही डोक्याच्या बाजूला न थांबता पायाकडून बोला, डॉक्टरांच्या हाताला अडचण होणार नाही. डोळे उघडे ठेवून बघायची तुम्हाला सक्ती नाही, तोंड फिरवून बोललात तरी आवाज पोचतो.

१६. सिस्टर म्हणतात बाहेर थांबा, सुई लावताना आई आत नको.

असं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कधी खरंच कारण असतं, बाळ एकदम सिरीयस होतं, जागा नसते, निर्जंतुक काम चालू असतं, तेव्हा बाहेर थांबा. पण रोजच्या टाच टोचण्याला आईला बाहेर काढायचं कारण नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्येच एसएनसीयूमध्ये आई-वडिलांना बाळाच्या काळजीत सामील करून घेण्याच्या सूचना काढल्यात, कुटुंब सहभागाच्या. भांडायला जाऊ नका, असं विचारा: "ताई, हात धुऊन, गाऊन घालून मी फक्त डोक्याजवळ उभी राहून बोलते, मधे येणार नाही." नाही म्हणाल्या तर इनचार्ज सिस्टरांना किंवा डॉक्टरांना राउंडच्या वेळी विचारा. आमच्यापैकी बऱ्याच जणींना भीती असते की आई चक्कर येऊन पडेल किंवा ओरडेल, ती भीती तुम्ही घालवलीत की दार उघडतं.

१७. मलाच रडू येतं, आवाज थरथरतो. त्याचा बाळावर वाईट परिणाम होईल का?

थरथरत्या आवाजाने काही बिघडत नाही. खुर्चीवर बसा, उभ्याने नको, एक लांब श्वास सोडा आणि मग बोला. बोलवतच नसेल तर नुसतं गुणगुणा, "हं हं हं", तोंड मिटून. आणि अगदीच होत नसेल तर बाहेर जा आणि घरच्या दुसऱ्या कुणाला पाठवा, यात तुम्ही वाईट आई ठरत नाही. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांच्या पुढेही रोज रडू येत असेल, झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा, तो वेगळा आणि बरा होणारा आजार असतो.

१८. अंगणवाडीत लसीकरणाला दहा पोरं एकदम रडत असतात. तिथे माझा आवाज कसा ऐकू येणार?

ओट्यावर, झाडाखाली, जरा बाजूला बसा आणि नंबर यायच्या आधीच बाळाला पाजायला घ्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना एकाच दिवशी सुया आणि तोंडाने द्यायच्या लशी दोन्ही असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या दुखण्याबद्दल सांगितलेलं आहे की बाळ आईच्या कुशीत असावं, शक्य असेल तर टोचताना पाजावं, आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. रोटाव्हायरसची लस गोड असते म्हणून ती सुयांच्या आधी दिलेली बरी, लस देणाऱ्या एएनएम ताईंना तेवढं सांगा. बाळाला आडवं टेबलावर दाबून धरण्यापेक्षा मांडीवर सरळ, तुमच्या छातीला टेकवून धरा, तोंड त्याच्या कानाशी येतं, मग गर्दीतही कुजबुजलेलं ऐकू येतं. "काही नाही काही नाही" किंवा "बघ हां, आता टुचकन" असं घाबऱ्या सुरात नको. टोचून झाल्यावर ताईंना शिव्या घालून, "मारू आपण तिला" म्हणून बाळाला समजावणं पण सोडा, आवाज चढतो आणि ताई बिचारी उन्हातान्हात तुमच्यासाठीच आलेली असते.

१९. बाळाला ऐकू येतं की नाही याचीच शंका आहे. मग हे सगळं फुकट?

फुकट नाही. छातीवर घेऊन बोललं की थरथर जाणवते, थोपटण्याचा ठेका जाणवतो, आईचा वास असतो. पण शंका मनात ठेवू नका, तपासणी करा. काचेच्या पेटीत राहिलेल्या, जास्त कावीळ झालेल्या, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं मिळालेल्या बाळांची कानाची तपासणी हवीच. ओएई नावाची साधी चाचणी असते, बाळ झोपलेलं असताना होते, सुई नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार, असं गणित आहे. टाळी वाजवल्यावर दचकलं म्हणजे ऐकू येतं असं घरच्या घरी ठरवू नका.

२०. पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचंय, किंवा ऑपरेशन आहे. तिथे बोलून भागेल?

नाही. तिथे भूल किंवा वेदनाशामक औषध लागतं आणि ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे: "डॉक्टर, दुखू नये म्हणून काय देणार?" मणक्याच्या वेळी आवाज सोबत देता येतो, ऑपरेशनला जाईपर्यंत आणि शुद्धीवर येताना देता येतो. औषधाच्या ऐवजी कधीच नाही.

२१. बारशाला सोनार घरी येऊन कान टोचणार. तेव्हा हे चालेल का?

आधी माझं मत: बाराव्या दिवशी टोचू नका. धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस बाळाला दीड महिन्यापासून सुरू होते, निदान चौदा आठवड्यांचे डोस पूर्ण होऊ द्या. नाव बारशाला ठेवा, कान नंतर टोचा, कुणाचं काही अडत नाही. जेव्हा टोचाल तेव्हा नवी निर्जंतुक सुई, सोनाराचे हात साबणाने धुतलेले, बाळ आईच्या छातीशी, पाजत किंवा बोलत, आणि त्या वेळी बायकांची गाणी आणि बँड जरा थांबवा. एक कान झाला की बाळाला पूर्ण शांत होऊ द्या, मग दुसरा. आपल्याकडे "पटकन दोन्ही उरकून टाका" म्हणतात, तसं नको.

२२. सगळं करून पण रडणं थांबतच नाही.

टोचल्याचं रडणं बहुतेक काही मिनिटांत उतरतं. लस दिल्यावर त्या दिवशी किरकिर, थोडा ताप, पायाला सूज असू शकते, तापाचं औषध डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलंच द्या. लस टोचलेल्या जागी चोळू नका, हळद-चुना लावू नका. पण बाळ दूध ओढत नसेल, ढिलं पडलं असेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याच्या वर चालला असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, किंवा तासन् तास एकाच टिपेच्या सुरात रडत असेल तर गाणं-बोलणं करत घरी बसू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा, नाहीतर जवळच्या दवाखान्यात निघा. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, पण अशा वेळी त्यांच्या यायच्या दिवसाची वाट बघायची नाही, लगेच फोन लावायचा. गाडीत बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून वरून पांघरूण घ्या आणि रस्ताभर बोलत राहा.